तीन लाव

‘उंबरसडा’ मालिकेचा पाचवा भाग रविवारी दुपारी दाखवला गेला, आणि सोमवारी सकाळी विश्राम राऊळ खाज्याचा पुडा घेऊन गवाणकरांच्या दारात उभा राहिला. नऊ वर्षांत त्याने हा उंबरठा ओलांडला नव्हता.

दोन्ही घरं एकाच वसाहतीत होती. उंबरसडा अणुवीज केंद्रात अपघात झाल्यावर किनाऱ्यावरची गावं उठवली, घाट चढवून आजऱ्याच्या बाजूला आणून वसवली आणि त्या जागेला ‘नवं उंबर’ असं नाव दिलं. अपघाताच्या दुपारी मधुसूदन गवाणकर पाळीप्रमुख होते आणि विश्राम त्यांच्या हाताखाली नियंत्रण कक्षात होता. गवाणकर महिन्याभरात गेले. विश्राम जगला. वसाहतीत तेव्हापासून दोन तट पडले होते. काहींच्या मते चूक गवाणकरांची, काहींच्या मते विश्रामची. चौकशी समितीने अहवालात ‘संवादातील त्रुटी’ असं लिहिलं होतं. त्या दोन शब्दांनी कोणाचंच पोट भरलं नव्हतं.

गवाणकरांच्या पत्नी सुलभाताई त्या दिवशी खुशीत होत्या. त्यांनी विश्रामला आत बोलावलं. कोल्हापूरहून मुद्दाम पाचवा भाग बघायला आलेली त्यांची मुलगी केतकी चहा टाकायला उठली.

“वयनी, काल बघलास मा?” विश्रामने विचारलं.

“बघितलं. सगळं डोळ्यांसमोर आलं.”

“माका बरा वाटला. इतकी वर्सां छातीवर दगड होतो, काल उतरलो. म्हटला, आता वयनींकडे जाऊक हरकत नाय. भाऊंवर माझो राग नाय. माणूस चुकता.”

पुड्याचा दोरा सोडणारा सुलभाताईंचा हात थांबला. “कोण चुकतं?”

“भाऊच. म्हणजे कालच्या भागात दाखवल्यानी तसा.”

“काल दाखवलं ते तू चुकलास म्हणून.”

“मी?”

“मग काय मी? त्यांनी स्पष्ट सांगितलं, तीन नंबरचा पंप चालू कर. तू भलतंच बंद करून बसलास. मी आत्ताच केतकीला म्हणत होते, बघ, विश्राम शेवटी पाय धरायला आला.”

“पाय? वयनी, मी माफ करूक इलंय!”

“तू? आम्हांला?”

चहा उकळून ओट्यावर सांडला. विश्राम उठला, दारापर्यंत गेला, परत आला, खाज्याचा पुडा उचलला आणि मग पुन्हा ठेवून निघून गेला. सुलभाताई म्हणाल्या, “बघितलंस? निर्लज्जपणाला काही हद्द!” केतकीने चपला घातल्या आणि ती त्याच्या मागे गेली. दोन माणसं एकच भाग बघून इतकी उलटी बोलतात, हे तिला पटत नव्हतं.

विश्रामच्या घरी काकूंनी कालचा भाग पुन्हा सुरू केला. नियंत्रण कक्ष तोच होता, भिंतीवरचे दिवेही तेच. बाबांचा चेहराही तोच, चष्म्याची काडी उजवीकडे किंचित वाकडी. ते विश्रामकडे वळले आणि ओरडले, “तीन नंबरचा व्हॉल्व्ह बंद कर!”

पडद्यावरचा विश्राम म्हणाला, “भाऊ, व्हॉल्व्ह? नक्की?”

“बंद कर म्हटलं ना!”

केतकीने आदल्या दुपारी आईशेजारी बसून याच ओठांतून दुसरं वाक्य ऐकलं होतं. ती उठली आणि त्याच गल्लीतल्या आणखी तीन घरांत जाऊन आली. एका घरात बाबांचा आदेश बरोबर होता, विश्रामही बरोबर होता आणि व्हॉल्व्हच सडका निघाला होता. दुसऱ्यात मंत्रालयातून फोन आला होता. तिसऱ्या घरातल्या निवृत्त मास्तरांनी तिला खात्रीने सांगितलं, की पोरी, यात तुझ्या वडिलांचा काडीचाही संबंध नाही, हे सगळं ठेकेदाराने केलं आणि काल ते पुराव्यासकट दाखवलं.

‘अनुरूप’ हे नाव सगळ्यांना ठाऊक होतं. टीव्हीच्या खोक्यावरच ते छापलेलं असायचं. पूर्वी मालिका एकदा चित्रित व्हायची आणि तेच चित्र घरोघर जायचं. आता घरात येतो तो नुसता सांगाडा. प्रसंग कोणता, माणसं कोण, कोणी कोणाला कोणत्या अर्थाचं बोलायचं, एवढंच. त्यावर रंगरूप चढवण्याचं काम टीव्ही स्वतः करतो, त्या क्षणी, समोर बसलेल्या माणसासाठी. म्हाताऱ्यांच्या घरी पात्रं सावकाश बोलतात. कानडी घरात कानडी बोलतात. लहान मूल समोर असलं तर रक्त दिसत नाही. लोकांना ही सोय वाटायची, आणि सोय होतीच.

हे काम नीट व्हावं म्हणून अनुरूप सतत बघत असतो. डोळे कुठे रेंगाळले, मनगटावरच्या घड्याळात नाडी किती चढली, हात रिमोटकडे केव्हा सरकला. त्याला शिकवण एकच आहे, माणूस मधेच उठून जाता कामा नये. खरं-खोटं त्याला कळत नाही, कळावं अशी तजवीजही कोणी केलेली नाही. माणूस कशाने उठतो, हे मात्र तो फार लवकर शिकतो. आपल्या माणसावर ठपका आला की माणूस उठतो. म्हणून अनुरूप ठपका थोडा बाजूला सारतो, नाडी बघतो, आणखी थोडा सारतो. जमीन जिकडे उतरती, तिकडे पाणी जातं. प्रत्येक घराची जमीन वेगळी, म्हणून प्रत्येक घरातला दोषी वेगळा.

हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. केतकीला त्याचंच जास्त भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कोल्हापूरला परतली आणि थेट शाहीन मुकादमच्या स्टुडिओत गेली. मालिका शाहीनने लिहिली होती आणि दिग्दर्शनही तिचंच होतं. राजापूरकडची, वयाने केतकीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, बोलायला तिखट. बाबांचा चेहरा आणि आवाज वापरण्याची संमती मागायला वर्षापूर्वी तीच नव्या उंबरला आली होती.

“बस,” कॅन्टीनच्या टेबलावर बशी सरकवत शाहीन म्हणाली. “वडा खाऊन घे, मग शिव्या दे. उपाशीपोटी शिव्या नीट येत नाहीत.”

“शाहीनताई, किती उंबरसडा बनवलेस?”

“मी एकच लिहिलाय. बघितला अकरा लाख घरांनी. म्हणजे तेवढे झाले असतील.”

“तुला माहीत होतं?”

“भाषा बदलते, वेग बदलतो, हे माहीत होतं. गुन्हेगार बदलतो, हे मला परवा माझ्या भावाच्या घरी कळलं. त्याच्याकडे सगळं एका अमेरिकन इंजिनिअरने केलंय. असं पात्र मी लिहिलेलंच नाही. काम मात्र छान केलंय त्याने.” ती हसली, पण तिने वडा खाल्ला नाही. “चल, तुला एक दाखवते. तुझ्याच धंद्यातलं आहे.”

केतकीचा धंदा शब्दांचा होता. परभाषेतल्या मालिकांना मराठी आवाज चढवणाऱ्या एका कंपनीत ती संवाद तपासायची. शाहीनने संहितेचं पान पडद्यावर आणलं. त्यावर गवाणकरांच्या तोंडी दोनच शब्द होते: ‘तीन लाव.’

“हे मी रचलेलं नाही,” शाहीन म्हणाली. “कक्षातलं त्या दुपारचं ध्वनिमुद्रण समितीने अहवालासोबत जाहीर केलंय. कोणालाही ऐकता येतं. तू ऐकलंयस?”

“नाही. बाबांचा आवाज आहे त्यात.”

“हं. तर मी जसंच्या तसं लिहिलं. पण अनुरूप शब्द घेत नाही, अर्थ घेतो. अकरा भाषांत त्याला ते वाक्य बोलायचं होतं. त्याने मला विचारलं, ‘लाव’ म्हणजे चालू की बंद? मी म्हटलं, दोन्ही. फार हुशारीचं उत्तर दिलं असं मला वाटलं तेव्हा. त्याने दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या, आणि जसा प्रेक्षक तशी वाट धरली.”

केतकीने मनात वाक्यं मांडून पाहिली. पंखा लाव म्हणजे फिरू दे. दार लाव म्हणजे मिटून घे. रेडिओ लाव, कुलूप लाव. मराठी माणूस एकाच शब्दाने एक गोष्ट सुरू करतो आणि दुसरी बंद करतो, आणि त्याची कधी गफलत होत नाही, कारण वस्तूचं नाव सोबत असतं किंवा बोट तरी असतं. वस्तू गाळली आणि ऐकणाऱ्याची पाठ असली, तर मात्र नुसता ‘लाव’ उरतो.

त्या दुपारी झालं ते असं. भूकंपाचा हलका धक्का बसला आणि अणुभट्टी आपोआप बंद पडली. पण बंद केलेली अणुभट्टी ही विझवलेली चूल नव्हे. अणूंचं फुटणं थांबतं, पण आधीच्या फुटण्यातून तयार झालेले अस्थिर पदार्थ आपापले विरत राहतात आणि विरताना उष्णता सोडतात. सुरुवातीला ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. आकडा लहान वाटतो, पण पाणी फिरतं ठेवलं नाही तर इंधन वितळवायला तो पुरतो. पाणी फिरवणारे दोन पंप धक्क्याने बंद पडले होते. तिसरा, डिझेलवरचा, राखीव होता. गवाणकरांना तो लावायचा होता.

नियंत्रण कक्षात डाव्या फलकावर पंपांच्या कळा होत्या आणि उजव्या फलकावर व्हॉल्व्हच्या. दोन्हीकडे एक ते तीन हेच आकडे रंगवलेले. तीन नंबरच्या व्हॉल्व्हच्या जोडाला आठवडाभर बारीक गळती होती, आणि ती वाढली तर तो व्हॉल्व्ह लावून घ्यायचा, असं सकाळीच ठरलं होतं. विश्राम दोन्ही फलकांच्या मधे, गवाणकरांकडे पाठ करून उभा होता. त्याने ‘तीन लाव’ ऐकलं आणि उजवा हात पुढे केला. एक वाट दुरुस्तीसाठी आधीच बंद होती, त्यामुळे पाणी जायची तेवढीच मोठी वाट उरली होती. ती मिटली. इशाऱ्याचे दिवे इतके लागले होते, की त्यात हा एक कोणाच्या लक्षात यायला वेळ गेला. लक्षात आलं तेव्हा व्हॉल्व्हच्या मोटरची वीजही गेलेली होती. तो हाताने उघडायला गवाणकर स्वतः आत, किरणोत्सर्गात, गेले.

शाहीनने ध्वनिमुद्रण लावलं. भोंग्यांचा कालवा, त्यात बाबांचा बसका आवाज, “तीन लाव.” मग खोकला. मग एक कळ दाबल्याचा आवाज.

केतकीने ते तीनदा ऐकलं. “परत म्हणणं नाहीये,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“आदेश पूर्ण द्यायचा, ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, मग देणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं. नियम होता तसा. बाबा घरी पाठ करायचे. इथे आदेशही पूर्ण नाही आणि परत म्हणणंही नाही.” तिने ध्वनिमुद्रण बंद केलं. “चूक बाबांची आहे, शाहीनताई. आणि विश्रामकाकांचीही आहे. आणि ज्याने दोन फलकांवर एकच आकडे रंगवले, त्याचीही. हे असंच्या असं, सगळ्यांना एकच दाखवता येईल?”

“येईल. अनुरूपला एक कुलूप घालायचं. पण मालिका दाखवणारी कंपनी घालू देणार नाही. एकच दाखवलं की लोक उठून जातात.”

“मग?”

शाहीन खुर्चीत मागे रेलली. “मुखस्वर कायदा. माणसाचा चेहरा आणि आवाज त्याच्या मालकीचा, त्याच्यानंतर वारसांचा. शेवटच्या भागाआधी तुझ्या आईला आणि विश्रामला संमती पुन्हा द्यावी लागते, आणि ती आधीच्या सगळ्या भागांना लागू होते. दोघांनी मिळून एकच अट घातली, तर कंपनीला ती पाळावी लागेल, नाहीतर दोन्ही चेहरे काढावे लागतील. कक्षात माणसं तीच दोन. मग काय, खुर्च्या दाखवणार?”

“एकाने घातली तर?”

“तर दुसऱ्याच्या बाजूची मालिका उरेल. दोघं एकत्र हवेत.”

“आणि तुझं काय होईल?”

“पुढची मालिका मिळणार नाही. लग्नाचे व्हिडिओ काढीन. तिथे घरागणिक नवरा तरी बदलत नाही.”

नव्या उंबरला परतल्यावर केतकी आधी विश्रामच्या दुकानात गेली. मोटरींना नव्याने तार भरून देण्याचं काम तो करायचा. तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“माका जमाचा नाय. रविवारपासून लोक माझ्याशी धड बोलतत. निदान अर्धे तरी. आणि भाऊ तसाच म्हणाले होते, गो. व्हॉल्व्ह बंद कर.”

“काका, समितीपुढे तुम्ही असं सांगितलं नव्हतं.”

“काय सांगितलेलंय?”

“तुम्ही म्हणालात, मी फक्त ‘तीन लाव’ ऐकलं.”

विश्रामच्या हातातली तार तशीच राहिली. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली, तिच्या आवाजात तो काहीतरी पुटपुटला. केतकीने पुन्हा विचारलं.

“माका तोच आवाज येता कानात,” तो म्हणाला. “टीव्हीतलो. त्याच्या आदी कायतरी दुसरा येय होता. रोज येय होता, झोपतानासुद्धा. आता ता आठवणा नाय.”

त्या कक्षातल्या प्रसंगाचा जगात एकच जिवंत साक्षीदार होता, आणि एका दुपारच्या करमणुकीने त्याची साक्ष पुसून वर दुसरी लिहिली होती. केतकीला वाटलं होतं, की आपल्याकडे वेळ आहे. तो नव्हता. आणखी दोन भाग, आणि विश्राम शपथेवर सांगेल. आईही सांगेल. दोघंही खोटं बोलत नसतील.

“उद्या जेवणानंतर आमच्याकडे या,” ती म्हणाली. “खरं ध्वनिमुद्रण मी आणलंय. ऐका, आणि मग हवं ते करा.”

“वयनी माका घरात घेतील?”

“घर माझंही आहे.”

सुलभाताईंना तिने ते त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली.

“इतक्या वर्षांनी त्यांचं नाव धुऊन निघालं, आणि पोटची पोर परत चिखल फासायला निघाली.”

“आपल्या घरात धुऊन निघालं, आई. राऊळांच्या घरात त्याच दुपारी बुडालं. तू बाहेर जाऊन बाबांचं नाव घे, प्रत्येक जण तुला हसून हो म्हणेल आणि मनात आपलंच धरून ठेवेल.”

“धरू देत. मला माझं पुरे आहे.”

“आणि बाबा खरंच चुकले असतील तर?”

“तर ते मला माहीत करून घ्यायचं नाही. तो येणार असेल तर मी देवळात जाऊन बसते.”

“जा,” केतकी म्हणाली. “पण ऐकून जा. तेवढं मागतेय.”

दुसऱ्या दिवशी विश्राम आला तेव्हा सुलभाताई देवळात गेल्या नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून डबे पुसत बसल्या होत्या. विश्राम दाराशी टेकला. बस असं त्याला कोणी म्हटलं नाही. केतकीने फोन ओट्यावर ठेवून ध्वनिमुद्रण लावलं.

भोंगे. “तीन लाव.” खोकला. कळ.

विश्रामने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “ह्यो,” तो म्हणाला. “ह्योच तो आवाज.” आणि तो खालीच बसला.

सुलभाताई वळल्या नाहीत. “पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या. केतकीने पुन्हा लावलं. मग त्यांच्या खांद्यांवरून वाटलं की त्या रडताहेत, पण त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

“मलाच कळायला हवं होतं. टीव्हीतला माणूस कसा घडाघडा बोलत होता! ‘तीन नंबरचा पंप चालू कर.’ घरात कधी पूर्ण वाक्य बोलले ते? नुसतं ‘लाव गं’ म्हणायचे. पंखा म्हणताहेत की खिडकी, हे मी त्यांच्या नजरेवरून ओळखायचं. मी चुकले तर वर मलाच ओरडायचे.” त्या विश्रामकडे वळल्या. “तुझी पाठ होती ना रे त्यांच्याकडे?”

“होती, वयनी.”

“मग विचारायचं नाहीस? तोंड होतं ना तुला?”

विश्राम म्हणाला, “नोकरीच्या पयल्या आठवड्यात इचारी होतंय. ट्रेनिंगात शिकवलेला, आदेश परत म्हणाचो. भाऊ म्हणाले, दोन नंबरचा पंप बंद कर. मी मोठ्यान म्हटलंय, दोन नंबरचा पंप बंद कर. अख्खी पाळी हसली. भाऊ म्हणाले, ‘पोपट पाळलाय का रे आपण?’ आमच्या घरात मोठ्या माणसाचा बोलणा त्येच्याच तोंडार परत बोलून दाखवला, तर आये कानफटात देय. वेडावतंस म्हणान. मग कोण कशाक म्हणतलो? कोणच म्हणा नाय होतो. पाळीतलो एकव नाय.”

बाबांची ही थट्टा केतकीला चांगली ओळखीची होती. जेवताना त्यांनी ती कितीदा केली होती, आणि ती आणि आई कितीदा हसल्या होत्या.

“हेही दाखवायचं,” सुलभाताई म्हणाल्या.

“आई?”

“पोपटाचं. शाहीनला सांग, तेही घाल म्हणावं. ते आत गेले ते दाखवताय ना? मग हेही दाखवा. एकाच माणसाने दोन्ही केलं.” त्यांनी फडकं झटकलं. “चार दिवस मला तो टीव्हीतला फार आवडला. पण तो माझा नवरा नव्हे. विश्राम, बस तिथे पाटावर. खाजा अजून आहे, मऊ पडलाय.”

विश्राम म्हणाला, “माझो हातसुद्धा दाखवा मग. न इचारता पुढे केलंय तो.”

दोन्ही अटी एकाच दिवशी कंपनीला गेल्या, शब्दाला शब्द सारख्या. दोन दिवसांत मुंबईहून फोन आला. बोलणारा गृहस्थ सौम्य होता. त्याने केतकीला सुचवलं, की नव्या उंबरपुरतं अनुरूप बंद ठेवता येईल. वसाहतीत सगळ्यांना एकच भाग दिसेल, घरचे वाद मिटतील. बाकी राज्याला त्याने काय फरक पडतो?

“बाकी राज्यातही केंद्रं आहेत,” केतकी म्हणाली. “नाही.”

“मॅडम, प्रेक्षक हा भाग पूर्ण बघणार नाहीत.”

“माहीत आहे. जेवढे बघतील तेवढे एकच बघतील.”

त्याने मग शाहीनला फोन केला, आणि काय बोलला ते शाहीनने केतकीला कधी सांगितलं नाही. तिने कुलूप घातलं. अकराच्या अकरा भाषांत गवाणकरांच्या तोंडी तिने ‘लाव’ हाच शब्द ठेवला. तामिळ घरातही ‘लाव’ आणि बंगाली घरातही ‘लाव’. त्याचे दोन अर्थ समितीपुढे समजावून सांगणारा एक प्रसंग तिने वाढवला. लोकांना जरा थांबून विचार करावा लागेल अशी कंपनीची तक्रार होती. शाहीन म्हणाली, “करू दे की.”

नवा पाचवा भाग सहाव्याच्या आधी दाखवला गेला. चौथ्या हिश्श्याहून जास्त घरांनी तो मधेच बंद केला. एका वर्तमानपत्राने त्याला ‘कोणालाच न सोडणारा’ म्हटलं, दुसऱ्याने ‘कोणाचीच बाजू न घेणारा’, आणि दोघांनीही ते नापसंतीने म्हटलं. शाहीनचं पुढचं काम गेलं. नव्या उंबरला त्या आठवड्यात पारावर, दुकानात, शाळेच्या फाटकाशी कडाक्याची भांडणं झाली. केतकी ती लक्ष देऊन ऐकत होती. आदेश अर्धा देणाऱ्याची चूक मोठी की न विचारणाऱ्याची, यावर मास्तर आणि विश्रामचा शेजारी हमरीतुमरीवर आले. आकडे कोणी रंगवले, हे विचारायला चार जण तालुक्याला जाऊन आले आणि पुन्हा जाणार होते. भांडणं पूर्वीपेक्षा कमी नव्हती. पण इतक्या वर्षांत प्रथमच सगळे एकाच घटनेवर भांडत होते.

शनिवारी सुलभाताई दळण घेऊन चक्कीवर गेल्या, केतकी सोबत होती. रांगेत जनाबाय खवणेकर होती. तिची माडांची बाग अजून किनाऱ्यावरच्या कुंपणाच्या आत, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांच्या ताब्यात होती, आणि तिच्या थोरल्या मुलीच्या गळ्यावर शस्त्रक्रियेची खूण होती. जनाबाय कधी आवाज खाली ठेवून बोलली नव्हती.

“गो सुलभा,” ती म्हणाली, “म्हणजे शेवटी तुझ्या घोवाचीच चूक मा?”

चक्कीवाल्याने मान वर केली. केतकी पुढे सरली, पण आईने तिला हातानेच थांबवलं. इतकी वर्षं या प्रश्नाला सुलभाताईंकडे एकच उत्तर होतं, आणि त्यात विश्रामचं नाव होतं.

“होय,” त्या म्हणाल्या. “त्यांची चूक होती. एकट्याची नव्हती, पण होती.”

“इतकी वर्सां तर काय वेगळाच सांगी होतंस.”

“ते खोटं होतं. मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक करून घेतलं नाही.” त्यांनी डबा खाली ठेवला. “दळण व्हायला वेळ आहे. ऐकणार असशील तर पहिल्यापासून सांगते. माझ्या नवऱ्याचं सांगते, विश्रामचं सांगते, आणि ज्यांची नावं अजून कळली नाहीत त्यांचंही जेवढं कळलंय तेवढं सांगते. मधे बोलायचं असेल तर बोल. बस.”

जनाबाय बसली नाही. कमरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करून ती तशीच उभी राहिली. पण ती गेली नाही, आणि सुलभाताईंनी सांगायला सुरुवात केली.